घोड आणि भीमेच्या डोहांतील माशांची पहिली नोंद

शार्क आणि इतर जलचर त्यांच्याच अधिवासात जाऊन पाहणे सामान्य माणसाच्या आवाक्यात आले ते १९४३ साली फ्रान्समध्ये झाक कूस्तो व एमिल गान्यां यांनी ‘ॲक्वालंग’, म्हणजे पाठीवरच्या टाकीतील दाबाखालची हवा श्वासागणिक पुरवणारे उपकरण, सिद्ध केल्यानंतर. समुद्रापासून दूर असलेल्या शिरूर-दौंडच्या नद्यांतील मत्स्यजीवनाची शास्त्रीय नोंद मात्र त्याच्या शतकभर आधीच झाली होती, आणि ती कोणी पाण्यात न उतरता, जाळ्यात सापडलेल्या माशांवरून झाली होती.

घोड नदीकाठचे शिरूर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेचे ठाणे होते. मुंबई इलाख्याच्या सरकारने १८२४ साली विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्यास मुलखाची लोकसंख्या, शेती, हवामान आदींची पद्धतशीर माहिती जमवण्याच्या कामावर नेमले, आणि त्या फिरतीत त्याने दख्खनचे पशुपक्षी व मासे यांचाही अभ्यास केला. माशांवरील त्याच्या निबंधाचा सारांश लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीने १८३९ साली, तर पूर्ण निबंध १८४१ साली चित्रांसह छापला. खुद्री, कोलुस, सीनघाला यांसारखी स्थानिक नावे त्याने लॅटिन नामपद्धतीत जशीच्या तशी घेतली असल्याने, नदीचा डोह न् डोह ठाऊक असलेल्या मासेमारांच्या ज्ञानावर हे काम उभे होते असे मानण्यास सबळ आधार मिळतो. त्या माणसांची नावे मात्र निबंधात आली नाहीत, ही त्या काळच्या विज्ञानाची मोठी उणीव म्हटली पाहिजे.

शिरूरशी थेट जोडलेला मासा म्हणजे साइक्सने ‘बार्बस मुसुल्ला’ या नावाने वर्णिलेला मोठ्या खवल्यांचा मासा. जीवशास्त्रात नव्या जातीचे वर्णन ज्या ठिकाणच्या नमुन्यावरून होते, त्यास त्या जातीचे प्ररूपस्थान म्हणतात, आणि या माशाचे प्ररूपस्थान शिरूर येथील घोड नदी हे आहे. तरीही विसाव्या शतकात हे नाव महाशीर माशांच्या ‘टॉर’ या प्रजातीत घातले गेले आणि दक्षिणेतील पाठीवर उंचवटा असलेल्या महाशीरासही ते लावले जाऊ लागले. २०१३ साली झालेल्या पुनर्परीक्षणात हा मासा महाशीर नसून ‘हिप्सेलोबार्बस’ या वेगळ्या प्रजातीतला ठरला, तर कावेरीच्या त्या महाशीराची ओळख २०१८ साली ‘टॉर रेमादेवी’ अशी निश्चित झाली. साइक्सने नदीबरोबर गावाचेही नाव लिहून ठेवले नसते, तर पावणेदोनशे वर्षांनंतर हा गुंता सोडवणे फार कठीण गेले असते.

शार्कचे स्मरण व्हावे असे भक्षक मासेही या खोऱ्यात होते. साइक्सने पुण्याच्या मुळा-मुठेतून वर्णिलेला ‘बॅगेरियस यारेली’ हा अजस्र मार्जारमीन, म्हणजे तोंडाशी मिशांसारख्या स्पर्शिका असलेला मासा, तळाशी खडकांत दबा धरून राहतो. हीच मुळा-मुठा पुढे रांजणगाव सांडसजवळ भीमेस मिळते. समुद्राशी खरे नाते मात्र अहिर माशाचे. सापासारख्या लांब देहाचा हा मासा समुद्रात जन्मतो, नदीतून प्रवाहाविरुद्ध वर येऊन वाढतो आणि प्रजननासाठी पुन्हा समुद्राकडे परततो, त्यामुळे भीमेतील अहिराची वाट कृष्णेतून थेट बंगालच्या उपसागरापर्यंत जाते. त्या वाटेवर आज उजनी, श्रीशैलम आणि नागार्जुनसागर ही धरणे उभी आहेत.

१९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाचा फुगवटा, म्हणजे धरणामागे तुंबलेल्या पाण्याचा विस्तार, दौंड तालुक्यापर्यंत पोचल्याने वाहत्या भीमेच्या मोठ्या पट्ट्याचे संथ जलाशयात रूपांतर झाले, आणि १९५२ साली भारतात आणलेल्या आफ्रिकी चिलापी माशाला असे पाणी चांगलेच मानवले. साइक्सने जे मासे नोंदले ते या बदलांपूर्वीच्या मोकळ्या नदीतले होते, त्यामुळे घोड आणि भीमेत पूर्वी काय होते हे ठरवताना अभ्यासकांना त्याच्याच निबंधापासून सुरुवात करावी लागते.