सहा मिनिटांच्या चालीची कुळकथा

करोनाच्या दुसऱ्या लाटेत, 2021च्या एप्रिलमध्ये, महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने गृहविलगीकरणातील रुग्णांना सहा मिनिटे चालण्याची चाचणी घरच्या घरी करण्याचा सल्ला दिला. बोटाला ऑक्सिमीटर लावून रक्तातील प्राणवायूची पातळी पाहायची, सहा मिनिटे सपाट जमिनीवर चालायचे आणि पुन्हा पातळी पाहायची, असा तिचा विधी होता; ती पातळी 93 टक्क्यांखाली गेली किंवा आधीपेक्षा तीन टक्क्यांहून अधिक घसरली, तर रुग्णालय गाठायचे. सोलापूरच्या पेठांपर्यंत अशा सुटसुटीत रूपात आलेल्या या चाचणीचा जन्म मात्र रुग्णांसाठी झालेलाच नव्हता.

धडधाकट माणसाची दमछाक मोजण्यासाठी ब्रूनो बाल्के यांनी 1963मध्ये अमेरिकेत ठरावीक वेळेत कापलेल्या अंतराची कसोटी मांडली. 1968मध्ये केनेथ कूपर यांनी अमेरिकी हवाई दलातील 115 जणांना बारा मिनिटे धावायला लावून, हे अंतर आणि शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता यांचा निकटचा संबंध दाखवला. धावणे जमणार नाही अशा जुनाट श्वासनलिकादाहाच्या रुग्णांसाठी मॅकगॅव्हिन, गुप्ता आणि मॅकहार्डी यांनी 1976मध्ये धावण्याच्या जागी चालणे आणले, पण बारा मिनिटे कायम ठेवली. आधीच धाप लागलेल्या माणसाला तेवढा वेळ चालवणे ही एक शिक्षाच होती. बटलंड आणि सहकाऱ्यांनी 1982मध्ये दोन, सहा आणि बारा मिनिटांची तुलना करून तिन्हींचे निष्कर्ष एकमेकांशी चांगले जुळतात असे दाखवले, आणि सहा मिनिटांचा मधला मार्ग रूढ झाला. म्हणजे या आकड्यामागे शरीरशास्त्राचा गूढ नियम नसून निव्वळ व्यवहार आहे.

चालण्यासारख्या साध्या कृतीलाही शिस्त किती लागते, हे 2002च्या अमेरिकन थोरॅसिक सोसायटीच्या नियमांत दिसते. तीस मीटरचा सरळ, वर्दळ नसलेला व्हरांडा, दर तीन मीटरवर खूण, दोन्ही टोकांना वळण्यासाठी शंकू. रुग्णाने दमल्यास भिंतीला टेकावे, पण घड्याळ थांबवू नये. चाचणी घेणाऱ्याने सोबत चालू नये आणि दर मिनिटाला ठरवून दिलेलीच वाक्ये एकाच सुरात म्हणावीत. हा काटेकोरपणा अनाठायी नव्हता, कारण नुसत्या प्रोत्साहनाने अंतर सुमारे 30 मीटरने वाढते असे गयाट आणि सहकाऱ्यांनी 1984मध्येच दाखवले होते. पुढे 2003च्या सार्स साथीतून बचावलेल्यांचे बळ किती परतले, हे हाँगकाँगच्या डॉक्टरांनी याच चाचणीने महिनोन्‌महिने तपासले. विषाणूजन्य आजारातून उठणाऱ्यांशी तिचे नाते जुळले ते असे.

या साऱ्या प्रवासात मोजले जात होते ते अंतर. घरी आलेल्या चाचणीत नेमके तेच गळाले आणि त्याची जागा ऑक्सिमीटरने घेतली, ज्याचे तत्त्व ताकुओ आओयागी यांनी 1970च्या दशकात जपानमध्ये मांडले होते. या बदलाला कारणही होते: करोनात अनेकांच्या रक्तातील प्राणवायू धाप न लागताच घटत असे आणि थोड्याशा श्रमाने ती घट उघडी पडे. शिवाय सोलापूरच्या पूर्व भागातील यंत्रमागाच्या खोल्यांत किंवा कुंभारीच्या विडी कामगारांच्या घरकुलात तीस मीटर सरळ जागा आणायची कुठून? जागा तोकडी असली की वळणे वाढतात, दर वळणाला गती मोडते आणि अंतर फसवे ठरते. साठीच्या पुढच्यांना सहाऐवजी तीन मिनिटांची मुभा होती आणि दमेकऱ्यांना चाचणी न करण्याची सूचना होती, ही तडजोडही शहाणपणाचीच म्हणावी लागेल.

मात्र रोग ओसरल्यावर, दम परत आला का, हा प्रश्न उरतो आणि तिथे अंतराशिवाय भागत नाही. त्यातही ही चाचणी एकूण क्षमता सांगते, कारण सांगत नाही: वर्षानुवर्षे कापसाची किंवा तंबाखूची धूळ श्वासावाटे घेतलेल्या कामगाराचे कमी भरलेले अंतर विषाणूमुळे, जुन्या धुळीमुळे, हृदयामुळे की अंथरुणाला खिळून पाय आखडल्यामुळे, हे डॉक्टरला छातीचा एक्स-रे आणि फुंकून घेण्याची श्वसनचाचणी यांच्या आधाराने वेगळे काढावे लागते. पहिल्या खेपेला माणूस बिचकत चालतो, दुसऱ्या खेपेला सरावाने पुढे जातो. म्हणून 2014च्या युरोपीय-अमेरिकी मानकांनुसार चाचणी दोनदा घेऊन त्यातले अधिक अंतर धरले जाते, आणि पुढच्या भेटीतले अंतर त्याच्याशी ताडून पाहिले जाते.