विस्मृती, सादृश्य आणि तोतया : राक्षसभुवनाच्या संदर्भात एक टिपण

चलत् व्यंगचित्रांमध्ये विस्मृतीचा एक संकेत रूढ आहे. पात्राच्या मस्तकावर आघात होतो, ते स्वतःला दुसराच कोणी समजू लागते, भोवतालचेही फसतात. दुसऱ्या आघाताने स्मृती परतते आणि प्रेक्षक हसून मोकळे होतात. या विनोदाचा आधार एवढाच की, खरा कोण हे प्रेक्षकास आरंभापासून ठाऊक असते. हे ज्ञान काढून घेतले की त्याच प्रसंगाचे स्वरूप पालटते. सदाशिवरावभाऊंच्या तोतयाचे प्रकरण या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे. आणि त्याचा अर्थ लावताना बीड जिल्ह्यातील राक्षसभुवनाची लढाई दृष्टिआड करून चालणार नाही.

पानिपतच्या रणांगणावर १४ जानेवारी १७६१ रोजी भाऊसाहेब पडले. काशीराजाच्या वृत्तांतानुसार त्यांचे शिरविरहित शव खुणांवरून ओळखावे लागले. साहजिकच संशयास जागा राहिली. पत्नी पार्वतीबाई यांनी १७८३ मध्ये मृत्यू येईपर्यंत वैधव्य स्वीकारले नाही. घरोघरी माणसे हरवलेल्या समाजासही भाऊ परत यावयास हवे होते. सादृश्यापेक्षा ही इच्छाच तोतयाचे खरे भांडवल होय.

पुढे दोन वर्षांनी, १० ऑगस्ट १७६३ रोजी, गोदातीरी राक्षसभुवन येथे निजामाच्या सैन्याचा पराभव झाला. निजाम अली उत्तर तीरावर गेला होता. नदीस पूर होता. दक्षिण तीरावर राहिलेला दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला. अठरा वर्षांच्या माधवराव पेशव्यांचा अधिकार या विजयाने दृढ झाला. भाऊ म्हणविणारा एक कनोजी ब्राह्मण १७६५ मध्ये पुण्यास आणला गेला, तेव्हा हाच अधिकार उपयोगी पडला. उघड चौकशीत त्याचे सोंग उघडे पडले. पेशव्यांनी त्याचा वध न करता त्यास कैदेत ठेवले. स्थिर सत्तेस एका तोतयाची भीती वाटण्याचे कारण नव्हते.

परंतु १७७२ मध्ये माधवराव निवर्तले, १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाला आणि राज्य कारभारी व रघुनाथराव यांच्या कलहात सापडले. याच अवस्थेत, १७७६ मध्ये, तोतया रत्नागिरीच्या बंदिवासातून बाहेर पडला. कोकणातील अनेक किल्ले त्याच्याकडे गेले आणि हजारो लोक त्याच्याभोवती जमले. महादजी शिंदे यांच्या फौजेपुढे त्याचा निभाव लागला नाही. तो कोकणात पळाला, रघूजी आंग्रे यांच्या हाती सापडला आणि त्याच वर्षी पुण्यास त्यास देहदंड झाला.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी. १७६५ चा तोतया आणि १७७६ चा तोतया हा एकच मनुष्य होता. चेहरा तोच, दावाही तोच. शिवाय तो खोटा असल्याचा निर्णय अकरा वर्षांपूर्वीच झालेला होता. विस्मरण झाले ते समाजास. राक्षसभुवनानंतरच्या आत्मविश्वासात जे सत्य सहज ओळखता आले, ते दुफळीच्या काळात पुसले गेले. न. चिं. केळकरांच्या 'तोतयाचे बंड' या नाटकाच्या प्रेक्षकास खरेखोटे आधीच ठाऊक असते. किल्ल्याचा दरवाजा उघडणाऱ्या शिपायास ते सुख नव्हते. म्हणून तोतयाचा अभ्यास करताना ‘तो कोण होता?’ या प्रश्नाइतकाच ‘त्यास ओळखणारे कोणत्या अवस्थेत होते?’ हा प्रश्नही इतिहासकाराने विचारला पाहिजे.