पोलादी गोळा आणि खिळा

टेक्सासमध्ये पैसे घेऊन दुसऱ्याच्या घरची नळजोडणी करायची, तर राज्याचा परवाना लागतो. 1947 पासून लागतो. वायरिंग करणाऱ्यालाही लागतो. तो नियम राज्यभर 2003 च्या कायद्याने आला. मात्र हे सगळं ज्या छपराखाली राहतं, ते बसवणाऱ्याला राज्य काहीच विचारत नाही. कोणीही उठावं, पिकअपवर ‘रूफिंग’ अशी पाटी लावावी आणि दार ठोठावावं. मी डॅलसच्या उत्तरेला, प्लेनो-फ्रिस्कोच्या पट्ट्यात, विम्याच्या दाव्यांसाठी छपरं तपासते. इथे आता मराठी घरं पुष्कळ आहेत. गारपीट झाली की त्यांचे फोन येतात, ‘ताई, या रूफरचं लायसन्स कुठे बघायचं?’ बघायला ते मुळात असायला हवं.

ते का नाही, हे कळायला जरा मागे जावं लागतं. 18 मार्च 1937 रोजी पूर्व टेक्सासमधल्या न्यू लंडनच्या शाळेत साठलेल्या गॅसचा स्फोट झाला. जवळपास तीनशे जण गेले, त्यातली बहुतेक शाळकरी मुलं. त्याच वर्षी राज्याने इंजिनिअरांसाठी परवान्याचा कायदा केला आणि गळती कळावी म्हणून गॅसमध्ये वास मिसळणं सक्तीचं केलं. माणसं मेली तेव्हा कायदा हलला. गारांनी माणूस क्वचित मरतो, नुकसान होतं ते पैशाचं. आणि पैशाचं काय ते विमा कंपनी बघेल, असं धरून राज्य मोकळं झालं.

5 मे 1995 ला हेच दिसलं. फोर्ट वर्थमध्ये ट्रिनिटी नदीच्या काठी मेफेस्टची जत्रा भरली होती, हजारो माणसं उघड्यावर होती आणि मोठ्या मोसंब्याएवढ्या गारा कोसळल्या. शेकडो जखमी झाले. मृत्यू झाले ते मुख्यतः त्या रात्री डॅलसमध्ये आलेल्या पुरात. एकंदर नुकसान सुमारे 2 अब्ज डॉलरचं, आणि त्याचा मोठा भार विमा कंपन्यांवर पडला.

पुढच्याच वर्षी, 1996 मध्ये, उत्पादनं तपासणाऱ्या अंडररायटर्स लॅबोरेटरीज या संस्थेने, छपराचा माल गारांचा मारा किती सोसतो हे पाहणारी ‘यूएल 2218’ ही चाचणी आणली. शिंगलच्या, म्हणजे छपरावर ओळीने बसवायच्या पत्र्यासारख्या तुकड्याच्या, नमुन्यावर पोलादी गोळा सोडायचा, एकाच जागी दोनदा. सर्वांत कडक ‘क्लास 4’साठी गोळा 2 इंच व्यासाचा आणि उंची 20 फूट. नंतर शिंगल उलटून पाहायची. मागून तडा दिसला की नापास. टेक्सासने 1998 पासून अशा छपरांना विम्याच्या हप्त्यात सवलत सुरू केली. डांबरात रबरासारखं लवचीक पॉलिमर मिसळलेल्या शिंगल इथे घरोघर पोहोचल्या त्या या सवलतीमुळे.

ही चाचणी मला मोलाची वाटते. पण ती होते कोऱ्या नमुन्यावर. इथल्या उन्हात दहा उन्हाळे काढलेली शिंगल वेगळी असते, आणि गार काही पोलादाची नसते. साउथ कॅरोलिनातल्या विमा उद्योगाच्या संशोधन संस्थेने, आयबीएचएसने, म्हणूनच प्रयोगशाळेत खऱ्यासारख्या गारा बनवून मारल्या आणि 2019 मध्ये निकाल जाहीर केले. ‘क्लास 4’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मालातही मोठी तफावत निघाली.

मालाची निदान इतकी तरी पारख झाली. खिळा मारणाऱ्या हाताची झालीच नाही. शिंगलवर खिळ्यांसाठी पट्टी आखलेली असते. खिळा तिच्या वर गेला, तिरपा बसला किंवा नेलगनच्या दाबाने आत घुसला, की शिंगलची पकड गेली. आणि वरची ओळ बसली की तो खिळा कोणालाच दिसत नाही. मला तो दिसतो वादळाने छप्पर उघडं पडल्यावर. तोवर बसवणारा पुढच्या गारपिटीमागे दुसऱ्या राज्यात गेलेला असतो.

छपराच्या कामाचं परमिट हा शहराचा विषय. एका शहरात लागतं, शेजारच्या शहरात नाही, आणि जिथे लागतं तिथेही तपासनीस बहुधा काम झाकलं गेल्यावर येतो. राज्याने तुकड्यातुकड्याने काही केलं. 2013 मध्ये, ज्या घराचं छप्पर करायचं त्याच घराच्या विमा दाव्याची बोलणी रूफरने करायची नाहीत, असं ठरलं. 2019 मध्ये डिडक्टिबल, म्हणजे दाव्यातला घरमालकाने स्वतः भरायचा हिस्सा, माफ करण्याचं आमिष गुन्हा ठरलं. ते फार गरजेचं होतं. 4 लाख डॉलरच्या विम्यावर 2 टक्के डिडक्टिबल म्हणजे 8 हजार डॉलर. ते ‘आम्ही सोडतो’ म्हणणारा माणूस ती रक्कम तुमच्याच छपरातून काढतो.

शेजारच्या ओक्लाहोमाने 2010 मध्येच रूफरांची नोंदणी सक्तीची केली. परीक्षा दूरच, टेक्सासमध्ये तेवढंही नाही. रूफरांच्या संघटनेचा परवाना आहे, पण तो ऐच्छिक. इथलं विधिमंडळ दोन वर्षांतून एकदा, 140 दिवसांसाठी भरतं. परवान्याची विधेयकं येतात आणि पडतात. विरोधकांचं म्हणणं असतं की परवान्याने काम महागेल. महागेलही थोडं. एकाच घराचं छप्पर दोनदा घालण्यापेक्षा ते स्वस्त पडेल, असं मी अधिवेशनाच्या वर्षी माझ्या आमदाराला लिहिते. मागणी तीनच गोष्टींची असते: रूफरचं नाव आणि कायमचा पत्ता राज्याच्या दप्तरी असावा, दायित्व विम्याचा पुरावा सोबत असावा, आणि तपासनीस वरची ओळ बसण्याआधी शिडी चढावा.