माणूस खड्ड्यात उतरवू नका, पाइप सोडा! हवेवर चालणारा व्हेंचुरी पंप काय आहे?

ठिबकमधून खत सोडायची व्हेंचुरी आता बहुतेक शेतकऱ्यांच्या ओळखीची आहे. तिला ना मोटर, ना पंखा. नुसत्या पाण्याच्या दाबावर टाकीतलं खत ओढलं जातं. हीच युक्ती कारखान्यांत राख, भुसा, लोखंडाचा चुरा, प्लास्टिकचे तुकडे आणि टाक्यांतला गाळ उचलायला वापरतात. फरक एवढाच, की तिथे पाण्याऐवजी कंप्रेसरची हवा असते. गावागावांतली पोरं एमआयडीसीत आणि साखर कारखान्यांत ठेकेदाराकडे सफाईच्या कामाला जातात. त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना या यंत्राची माहिती असायला हवी.

पंप ओढतो कसा?

वाहती वस्तू अरुंद जागेतून गेली की तिचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. इटलीचे शास्त्रज्ञ जोव्हानी बातिस्ता व्हेंचुरी यांनी १७९७ मध्ये याबद्दल लिहिलं, म्हणून त्यांचं नाव पडलं. पंपात साधारण ५ ते ७ बार दाबाची हवा बारीक छिद्रांतून सोडतात. ट्रकच्या टायरात जवळपास एवढाच दाब असतो. हवेचा झोत सुसाट सुटला की मागच्या तोंडाशी दाब घटतो, तिथून माल आत ओढला जातो आणि झोतच त्याला पुढच्या पाइपात ढकलतो.

दोन प्रकार

१) सरळ पाइपाचा: कोरडा आणि सुटा माल पंपातूनच पुढे जातो. राख, लाकडाचा भुसा, कापडाच्या कातरणी यासाठी हा चालतो.

२) ड्रमचा: २०० लिटरच्या मजबूत लोखंडी ड्रमच्या झाकणावर व्हेंचुरी बसवतात. ती ड्रममधली हवा काढून घेते, मग गाळ किंवा तेलकट पाणी पाइपातून ड्रममध्ये येतं. माल पंपातून जात नाही. ड्रम भरला की आतला तरंगता गोळा वर येऊन ओढ बंद करतो.

फायदा काय?

पंपात फिरणारा भाग नाही. त्यामुळे खडी-वाळूने पंखा झिजणं नाही, चिंधी अडकून मोटर जळणं नाही. पंपाच्या जागी वीजही लागत नाही. पण सगळ्यात मोठा फायदा माणसाचा. पाइप आत जातो, माणूस बाहेर राहतो.

सांडपाण्याच्या टाकीत किंवा मळीच्या खड्ड्यात गाळ कुजून हायड्रोजन सल्फाइड वायू साठतो. आधी सडक्या अंड्यासारखा वास येतो. वायू जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो. वास गेला म्हणजे वायू गेला, असं समजून माणूस उतरतो आणि तिथेच पडतो. त्याला काढायला दुसरा धावतो, तोही पडतो. अशा दुर्घटनांत एकापाठोपाठ दोघं-तिघं जातात ती अशीच.

कुठे अडतं?

- विहिरीचं पाणी खोल गेलं की वरची मोटर पाणी धरत नाही. इथेही तेच. ओढून पाणी उचलायची मर्यादा सिद्धांताने सुमारे १० मीटर आहे. प्रत्यक्षात ती बरीच कमी भरते आणि जड गाळाला आणखी कमी.
- सुका माल हवेसोबत वाहतो. पाइपाचं तोंड ढिगात पूर्ण गाडलं तर हवा मिळत नाही आणि पाइप तुंबतो.
- ओली चिकट राख, लांब दोऱ्या आणि पाइपापेक्षा मोठे गोळे अडकतात. वळणं जितकी कमी तितकं बरं.
- हवा भरपूर लागते. पंक्चरच्या दुकानातला कंप्रेसर पुरणार नाही. शिवाय कंप्रेसरला दिलेल्या विजेतला मोठा भाग उष्णता होऊन वाया जातो. रोज दिवसभराचं काम असेल तर मोटरवरचा पंप किंवा पंखा स्वस्त पडतो. अधूनमधूनच्या आणि धोक्याच्या कामाला व्हेंचुरी बरी.

धोके

- ठिणगी: कोरडा माल पाइपात घासून स्थिर वीज तयार होते. साखर, पीठ, भुसा यांची बारीक धूळ स्फोटासारखी पेटू शकते. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या साखर कारखान्यात ७ फेब्रुवारी २००८ रोजी साखरेच्या धुळीचा स्फोट होऊन १४ कामगार गेले. म्हणून पाइप, पंप आणि ड्रम यांना अर्थिंग हवंच.
- धूळ आणि वाफ: पंपातून निघणारी हवा मोकळी सोडू नये. फिल्टरची पिशवी नसेल तर राख शेजारच्या पिकावर आणि घरांवर बसते. टाकीतला विषारी वायूही त्याच तोंडातून बाहेर पडतो, तिथे उभं राहू नये.
- अंगावर हवा: या हवेने कपडे किंवा अंग झाडू नका. दाबाची हवा जखमेतून शरीरात शिरू शकते, डोळा जाऊ शकतो.
- आवाज: सतत मोठा असतो. कानाला संरक्षण लावा.

कायदा काय सांगतो?

२०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ३६ नुसार, वायू असू शकेल अशा टाकीत किंवा खड्ड्यात आधी वायू काढल्याशिवाय कुणाला उतरवता येत नव्हतं. त्यानंतरही तपासणी करून सक्षम व्यक्तीने दिलेला लेखी दाखला लागत असे. तो नसेल तर उतरणाऱ्याला श्वसनयंत्र आणि दोर बांधलेला पट्टा लागत असे, आणि दोराचं दुसरं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात असावं लागे. गटार आणि सेप्टिक टँकची सुरक्षा साधनांशिवाय धोकादायक सफाई करून घेण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे.

गाळ उपसला म्हणजे विल्हेवाट लागली, असंही नाही. घातक कचरा तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथल्यासारख्या अधिकृत केंद्रांतच जायला हवा. रात्री टँकर ओढ्यात रिकामा होत असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार करता येते.

कामावर उतरण्याआधी विचारा

१) यंत्राने गाळ निघत असताना माणूस का उतरवता?
२) वायू मीटरने मोजला का? ऑक्सिजन १९.५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर उतरू नका.
३) लेखी दाखला कुठे आहे?
४) वर दोर धरून कोण उभं राहणार?

यातल्या एकाचंही उत्तर मिळालं नाही तर काम थांबवा. आत कुणी पडलंच तर त्याच्या मागे उडी टाकू नका. दोराने वर ओढा, आत ताजी हवा सोडा आणि लगेच १०८ व ११२ ला फोन करा.