रेडिओ स्कॅनर
अनेक कंप्रता एकामागून एक जलद तपासून ज्या कंप्रतेवर संभाषण चालू असेल तेथे आपोआप थांबणारा व ते संभाषण संपताच पुन्हा शोध सुरू करणारा रेडिओग्राही. यातून प्रेषण करता येत नाही. फक्त ऐकता येते. पोलीस, अग्निशामक दल, रुग्णवाहिका, विमाने, जहाजे, आगगाड्या इत्यादींची बिनतारी संभाषणे ऐकण्यासाठी हे उपकरण वापरले जाते. टेबलावर ठेवण्याजोगा स्कॅनर प्रामुख्याने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विकसित झाला आणि तेथील घराघरांत पोहोचला. यंत्ररचनेइतकाच त्याचा इतिहास एका प्रश्नाभोवती फिरतो : शासनयंत्रणेचे कामकाजाचे बोलणे आकाशातून जात असेल, तर ते ऐकण्याचा नागरिकास अधिकार आहे काय?

हा प्रश्न प्रथम कोणी मुद्दाम उपस्थित केला नाही. तो तंत्रविद्येमुळे आपोआप उद्‌भवला. डिट्रॉइट शहराच्या पोलीस खात्याने १९२० नंतरच्या दशकाच्या प्रारंभी ‘केओपी’ या संकेतनामाने प्रक्षेपण सुरू केले, तेव्हा त्याची गणना करमणुकीच्या नभोवाणी केंद्रांत झाली. परिणामी पोलिसांच्या सूचनांच्या जोडीला संगीतही वाजवावे लागे. गस्तीच्या मोटारींना सूचना देण्याची भरवशाची सेवा तेथे ७ एप्रिल १९२८ रोजी सुरू झाली. ती एकमार्गी होती. म्हणजे मोटारीतील शिपायास सूचना ऐकू येत, पण त्यास उत्तर देता येत नसे. द्विमार्गी पोलीस संदेशवहन १९३३ मध्ये न्यू जर्सी राज्यातील बेयॉन येथे सुरू झाले. या काळातील पोलीस केंद्रे मध्यम तरंगपट्ट्याच्या वरच्या टोकाला लागूनच असल्याने दिवाणखान्यातील साध्या रेडिओची सुई थोडी पुढे सरकविली की चोरी, आग किंवा अपघात यांच्या वार्ता थेट ऐकू येत. रेडिओ बनविणाऱ्या कंपन्यांनी ही आवड ओळखून तबकडीवर ‘पोलीस’ असा शब्दच छापण्यास सुरुवात केली.

घरी बसून ऐकणारा श्रोता निरुपद्रवी मानला गेला. मोटारीत बसून ऐकणाऱ्याविषयी मात्र संशय होता, कारण पळ काढणाऱ्या गुन्हेगारासही तो ग्राही तितकाच उपयोगी होता. म्हणून न्यूयॉर्कसारख्या राज्यांनी मोटारीत पोलीस कंप्रतांचा ग्राही बसविण्यास परवान्याची अट घातली. ‘वीजी’ या नावाने प्रसिद्ध असलेले छायाचित्रकार आर्थर फेलिग यांना १९३८ मध्ये अशी परवानगी मिळाली. पोलिसांच्या बरोबरीने, कधी त्यांच्याही आधी, घटनास्थळी पोहोचून त्यांनी टिपलेली रात्रीच्या न्यूयॉर्कची छायाचित्रे हे पोलीस रेडिओच्या श्रवणाचे कदाचित सर्वांत टिकाऊ फलित म्हणता येईल.

डॅनियल नोबल यांनी कनेटिकट राज्याच्या पोलिसांसाठी १९४० मध्ये कंप्रता विरूपणावर, म्हणजे ध्वनीनुसार वाहक तरंगाची कंप्रता बदलण्याच्या पद्धतीवर, आधारलेली द्विमार्गी यंत्रणा उभारली. दुसऱ्या महायुद्धानंतर ही पद्धत सर्वत्र रूढ झाली व पोलिसांची संभाषणे ३० ते ५०, १५० ते १७४ आणि पुढे ४५० मेगॅहर्ट्‌झच्या वरील पट्ट्यांत गेली. घरगुती रेडिओस ती ऐकू येईनात. त्यासाठी खास ग्राही मिळत. परंतु त्यांत दुसरीच अडचण होती. पोलीस वाहिनी बहुतेक वेळ मुकी असते, संदेश काही सेकंदांत संपतो आणि त्याचे उत्तर कित्येकदा निराळ्या कंप्रतेवर येते. हाताने सुई फिरविणाऱ्याच्या कानी संदेशाचे शेपूट तेवढे पडे.

स्कॅनरचा जन्म या अडचणीतून १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात झाला. प्रत्येक वाहिनीसाठी त्यात क्वॉर्ट्‌झचा एक स्वतंत्र स्फटिक बसविलेला असे. ग्राहीतील आंदोलकास हे स्फटिक पाळीपाळीने जोडले जात आणि पुढील बाजूचे लहान दिवे त्याच क्रमाने उजळत. संदेश नसताना गोंगाट दाबून ठेवणारे मंडल अशा ग्राहींत असतेच; वाहक तरंग सापडताच ते उघडते व त्याच वेळी शोधही थांबतो. इंडियाना राज्यातील इलेक्ट्रा व रीजन्सी या कंपन्या या उद्योगात अग्रेसर होत्या. यांपैकी रीजन्सीने १९५४ मध्ये पहिला व्यापारी ट्रँझिस्टर रेडिओ बाजारात आणला होता. स्फटिक मात्र एकेक विकत घ्यावा लागे आणि शहराने कंप्रता बदलली की तो निरुपयोगी होई. इलेक्ट्राच्या ‘बेअरकॅट १०१’ मध्ये ही गरज उरली नाही. कंप्रतेचे सांकेतिक रूप खटक्यांच्या साहाय्याने भरले की इलेक्ट्रॉनीय मंडल ती कंप्रता स्वतः निर्माण करी. लवकरच कळफलकावर आकडे दाबून कंप्रता भरण्याची सोय झाली आणि स्कॅनर कोणासही वापरता येईल असे उपकरण बनला. वृत्तपत्रांची कार्यालये, स्वयंसेवी अग्निशामक व त्यांची कुटुंबे, रेल्वे व विमानांचे शौकीन, एकाकी वृद्ध असा त्याचा संमिश्र श्रोतृवर्ग होता. ‘पोलीस कॉल’ ही कंप्रतांची वार्षिक सूची या मंडळींच्या हाताशी असे. तिचे प्रकाशन २००५ पर्यंत चालले.

या श्रवणास अमेरिकेत कायद्याचा आधार काहीसा आडवळणाने मिळाला. संदेशवहनविषयक १९३४ च्या अधिनियमातील कलम ६०५ चा रोख परक्याचा संदेश पकडून तो प्रकट करण्यावर होता. नुसते ऐकणे आणि ऐकलेले जाहीर करणे यांत त्यामुळे भेद करता आला, व हौशी श्रोत्यांची सारी परंपरा या भेदावर उभी राहिली. तिला पहिला धक्का पोलिसांकडून नव्हे, तर भ्रमणध्वनीकडून बसला. शिकागो येथे १९८३ मध्ये सुरू झालेल्या भ्रमणध्वनी सेवेतील संभाषणे ८०० मेगॅहर्ट्‌झच्या पट्ट्यात कोणत्याही आवरणाविना जात. १९८६ च्या अधिनियमाने ती ऐकण्यास बंदी घातली आणि २६ एप्रिल १९९४ नंतर या कंप्रता पकडू शकणाऱ्या स्कॅनरांचे उत्पादन व आयातही बंद झाली. कंपन्यांनी दारास कडी घालावी, हे सोडून शेजाऱ्याने कानांवर हात ठेवावेत, असा हा उपाय होता. तो किती दुबळा होता ते २१ डिसेंबर १९९६ रोजी दिसले. प्रतिनिधिगृहाचे सभापती न्यूट गिंग्रिच व त्यांचे सहकारी यांच्यातील दूरध्वनी चर्चा फ्लॉरिडातील एका दांपत्याने स्कॅनरवर ऐकून ध्वनिमुद्रित केली आणि पुढील महिन्यात ती वृत्तपत्रांत आली. दांपत्यास प्रत्येकी ५०० डॉलर दंड झाला. प्रकटनाविषयीचा दावा मात्र अनेक वर्षे चालला.

इतर देशांत हा भेद इतका उदारपणे केला गेला नाही. ब्रिटनमध्ये बिनतारी संदेशवहनाच्या १९४९ च्या अधिनियमान्वये आपणासाठी नसलेला संदेश ऐकणे हाच गुन्हा होता. भारतात १९३३ च्या अधिनियमाने बिनतारी उपकरण बाळगण्यासच परवाना आवश्यक ठरविला. घरगुती रेडिओसाठीही पोस्टात शुल्क भरावे लागे, हे जुन्या पिढीस आठवत असेल. अशा व्यवस्थेत स्कॅनरचा छंद रुजणे कठीणच होते. या विषयावरील जुन्या कायद्यांची जागा घेण्यासाठी २०२३ मध्ये दूरसंचार अधिनियम संमत झाला.

पोलीस संभाषणे सामान्य श्रोत्यास दुर्बोध होण्याची प्रक्रिया टप्प्याटप्प्याने घडली. प्रथम संगणकाद्वारे प्रत्येक संभाषणास मोकळी वाहिनी देण्याची पद्धत आली व एकच संवाद अनेक कंप्रतांवर विखुरला. युनिडेन कंपनीने १९९७ मध्ये त्याचा माग काढणारा स्कॅनर विकण्यास आणला. नंतर आवाज अंकीय रूपात जाऊ लागला, त्यासाठीही ग्राही निघाले. कूटबद्ध संदेशापुढे मात्र स्कॅनरचा इलाज चालत नाही, कारण त्याची किल्ली केवळ पोलिसांकडे असते. बॉस्टन येथे एप्रिल २०१३ मध्ये बाँबस्फोटातील संशयितांचा पाठलाग चालू असताना असंख्य लोक पोलिसांची संभाषणे इंटरनेटवरून ऐकत होते. पोलिसांच्या हालचाली जाहीर करू नयेत, अशी विनंती तेव्हा खात्यास करावी लागली. अधिकाऱ्यांची सुरक्षितता आणि संभाषणात उच्चारली जाणारी नागरिकांची खाजगी माहिती ही कूटबद्धतेच्या बाजूची कारणे खरी आहेत. पण पोलीस स्वतःहून सांगणार नाहीत अशा घटनांची वृत्तपत्रांस लागणारी पहिली चाहूल तिच्यामुळे बंद होते, हा आक्षेपही तितकाच वजनदार आहे. शिकागोने २०२२ मध्ये कूटबद्धतेकडे वळताना संभाषणे ३० मिनिटे उशिराने जनतेस ऐकविण्याची तडजोड काढली. ३० मिनिटांनी घटनास्थळी पोहोचणाऱ्या बातमीदारास तिचा फारसा उपयोग नाही. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी २०२३ मध्ये ब्रुकलिनपासून कूटबद्धतेस प्रारंभ केला.

विमानांची ११८ ते १३७ मेगॅहर्ट्‌झवरील संभाषणे, जहाजांची १५६.८ मेगॅहर्ट्‌झवरील आपत्कालीन वाहिनी, हवामानाच्या सूचना आणि अनेक ठिकाणची अग्निशामक दले अद्याप उघडपणे ऐकता येतात. टेबलावरचे नवे स्कॅनर कूटबद्ध वाहिनी लागली की आवाज बंद ठेवतात व पुढच्या वाहिनीकडे सरकतात.