मेला तो मेला

भाताची कापणी उरकली की मोकळ्या शेतात राखेच्या रेषा ओढायच्या आणि दिसेनासं होईस्तोवर हुतुतू. आजोबा पोलादपूरकडचे, खेळले ते गामिनी. मेलेला गडी बाहेर बसला की बसला. अख्खी बाजू मेली की लोण, मग नवा डाव. घड्याळ नाहीच. उन्हं कलताना सुरू झालेला डाव दुसऱ्या दिवशी न्याहारीनंतर पुरा केला, असं ते सांगत. त्यात थोडं मीठमिरची असणार.

वडील गिरणीत लागले. लालबाग-परळच्या मंडळांत त्यांना संजीवनी भेटली: समोरचा एक टिपला की आपला एक मेलेला आत. कबड्डीमहर्षी बुवा साळवींचं नाव ते कानाच्या पाळीला हात लावूनच घेत. 1982 चा संप गिरणी घेऊन गेला, तेव्हा ते गावाकडे आले आणि महाडच्या एमआयडीसीत रसायनाच्या कारखान्यात चिकटले. जीव मात्र मुंबईतच राहिला. म्हणून प्रो कबड्डी आल्यावर त्यांची टीम यू मुंबा, आणि तिने 2015 मध्ये, दुसऱ्याच हंगामात करंडक उचलला. पुणेरी पलटण 2014 पासून खेळत होती, हात हलवत परतत होती. वरंधा घाट उतरून पुण्याचे साडू आले की वडील चिमटा काढल्याशिवाय चहा देत नसत. डिसेंबर 2022 ला पलटण अंतिम फेरीत पोचली आणि जयपूरकडून 33-29 अशी हरली. तेव्हा मात्र तेच हळहळले.

1 मार्च 2024, हैदराबाद. पलटण पुन्हा अंतिम फेरीत, समोर हरियाणा स्टीलर्स. मी पहिली पाळी करून आलो होतो, वडील केव्हाचे टीव्हीपुढे. इराणचा शादलू 2 कोटी 35 लाखांना घेतलाय, असं मी सांगितलं. ‘‘तेवढ्यात अख्ख्या खात्याचा बोनस झाला असता,’’ म्हणाले. कप्तान अस्लम इनामदार नगर जिल्ह्यातला, हे कळल्यावर जरा निवळले. मग पंकज मोहितेने एका चढाईत चार टिपले आणि ते खुर्चीतून उठलेच. गामिनीत तिथेच निम्म्याहून जास्त बाजू गार झाली असती. इथे मेलेले पुन्हा उठून अंगावर येतात, त्यामुळे पुढे असलेल्याला शेवटच्या मिनिटापर्यंत चैन नाही. मला तरी हाच खेळ जास्त क्रूर वाटतो.

28-25. दहाव्या हंगामात पलटणचं पहिलं विजेतेपद.

वडिलांनी साडूंना फोन लावला. अभिनंदन वगैरे काही नाही. ‘‘दहा हंगाम लागले हो तुम्हाला,’’ म्हणाले, आणि पलीकडचं ऐकायला स्पीकर चालू केला.