तिथी राखणारी जमात

बिदरहून औरादकडे जाणाऱ्या वाटेवर, मांजरेच्या खोऱ्यात आमचे जनवाडा आहे. या मुलखात जुम्म्याची नमाज, गुरुपर्व, उरूस, जत्रा आणि बसवजयंती यांचा वर्षक्रम एकाच बाजारपेठेच्या अंगवळणी पडलेला आहे. परंतु शनिवार पाळणाऱ्या यहुदी जमातीची वस्ती येथे नाही. तरीही त्या जमातीच्या इतिहासाकडे माझे लक्ष वेधले ते बिदरमुळेच, आणि तेही पाच शतकांपूर्वी येथे राहून गेलेल्या एका परक्या वाटसरूमुळे.

अफनासी निकितिन हा त्वेर नगरीचा रशियन व्यापारी १४७० च्या आसपास, महमूद गवानाच्या वजिरीच्या काळात, चौल बंदरात उतरला आणि घाट चढून, जुन्नरास पावसाळा काढून, बहमनी तख्ताच्या या राजधानीत आला. घोडा विकण्यासाठी त्याने केलेली खटपट, सुलतानाच्या स्वारीचा थाट, आळंदच्या दर्ग्याजवळ भरणारा मोठा बाजार, हे सारे त्याने नोंदून ठेवले आहे. मात्र त्या वृत्तांतात मला सर्वाधिक अंतर्मुख करणारी गोष्ट निराळीच आहे. वाटेत लुटारूंनी त्याचे धर्मग्रंथ नेले, आणि ग्रंथ गेल्यामुळे आपले उपवास केव्हा, ईस्टर केव्हा, हे त्या ख्रिस्ती माणसाला निश्चित कळेनासे झाले. अवतीभोवतीच्या खुणा पाहून तो अदमासे दिवस धरी, परक्यांच्या उपवासात आपला उपवास करी, आणि आपल्या धर्माची वाट हरवत चालल्याचा शोक पानोपानी करी. हा माणूस अश्रद्ध नव्हता, आळशीही नव्हता. तो एकटा होता. तिथी राखणे एकट्याच्याने होत नाही, हे बिदरमध्ये त्याच्या अनुभवास आले.

आता त्याच वाटेच्या दुसऱ्या टोकाकडे पाहावे. चौल-रेवदंड्याच्या त्या किनारपट्टीवर, पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याच्या गावोगावी बेने इस्राएल जमात राहत आली. नवगावाजवळ गलबत फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, मृतांना तेथेच मूठमाती दिली गेली आणि ग्रंथ समुद्रात बुडाले, अशी त्यांची परंपरा आहे. ते केव्हा आले याविषयी विद्वानांचे एकमत नाही, आणि लेखी उल्लेख तर अठराव्या शतकापासूनच सापडतात: १७३८ साली सार्टोरियस या मिशनऱ्याने आणि १७६८ साली कोचीनच्या यहेज्केल रहाबी यांनी त्यांच्याविषयी लिहिले. या दोन्ही लेखांत त्यांचे जे चित्र आहे ते विलक्षण आहे. या लोकांपाशी ग्रंथ नाही, हिब्रू भाषा नाही; ‘शेमा’ ही एक प्रार्थना मात्र मुखोद्गत आहे आणि शनिवारचा विसावा कायम आहे. ग्रंथ निकितिनचेही गेले आणि यांचेही. त्याची तिथी काही वर्षांत हरवली, यांची पिढ्यान् पिढ्या टिकली.

ती कशी टिकली, याचे उत्तर तेलाच्या घाण्यापाशी सापडते. बेने इस्राएल हे व्यवसायाने तेल गाळणारे. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत त्यांचा घाणा बंद असे, आणि म्हणून गाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणे. या नावातच एक सामाजिक करार दडलेला आहे असे मला वाटते. ज्याच्या दारी शनिवारी तेल मिळत नाही हे साऱ्या गावाला ठाऊक आहे, त्याला शनिवार विसरण्याची मुभाच उरत नाही. शेजारीच त्याच्या व्रताचे साक्षीदार होतात. पेण, रोहा, किहीम, दिवे, अष्टमी अशा गावांवरून पेणकर, रोहेकर, केहिमकर, दिवेकर, अष्टमकर ही आडनावे पडली, ती इतर कोकणवासीयांच्या रिवाजाप्रमाणेच. माणसे गावाची झाली, तरी आपली तिथी त्यांनी आपल्याकडेच ठेवली.

वार मोजणे सोपे. सण राखणे अवघड. येथे चांद्रमासांचे साहाय्य झाले असावे, असे मी माझ्यापुरते अनुमान करतो. यहुदी पंचांग आणि आपले पंचांग ही दोन्ही चंद्रावर चालतात व अधिक महिना घालून सूर्याशी मेळ साधतात, म्हणून बहुतेक वर्षी त्यांचे महिने जवळजवळ जुळतात. यहुदी नववर्ष घटस्थापनेच्या सुमारास येते, दहाव्या दिवशीचा महाउपवास दसऱ्याच्या आगेमागे, पुरीम होळीच्या सुमारास आणि वल्हांडण चैत्री पौर्णिमेच्या जवळ. बेने इस्राएलांनी या सणांना जी मराठी नावे दिली ती सगळी घरातल्या कृतीवरून पडलेली आहेत. नववर्ष तो ‘नव्याचा सण’. त्यानंतर नव्या धान्याची खीर करून ‘शेमा’ म्हणावयाची, तो ‘खिरीचा सण’. महाउपवासाचा दिवस तो ‘दारफळणीचा सण’: त्या दिवशी शुभ्र वस्त्रे नेसून, दारे लावून, बाहेरच्यांशी व्यवहार न ठेवता सारे कुटुंब उपाशी राही, आणि दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’ म्हणून दानधर्म व भेटीगाठी होत. वल्हांडणाच्या वेळी आंबटाचे मडके झाकून ठेवावयाचे, म्हणून तो ‘अनशी ढाकायचा सण’. पुरीम तो ‘होळीचा सण’. आणि यरुशलेमच्या मंदिरविध्वंसाच्या स्मरणार्थ पाळावयाच्या दिवशी बिरडे करावयाचे, म्हणून तो ‘बिरड्याचा सण’. खीर शिजवणाऱ्या, मडके झाकणाऱ्या, बिरडे सोलणाऱ्या स्त्रियांच्या हाती हे पंचांग होते. पुरोहित नाही, ग्रंथ नाही, मंदिर नाही, अशा स्थितीत धर्माची दफ्तरदारी या स्त्रियांनी स्वयंपाकघरातून केली, ही गोष्ट इतिहासकारांनी जितक्या ठळकपणे मांडावयास हवी तितकी मांडलेली नाही.

पुढे दाविद रहाबी नावाचा कोणी परदेशस्थ धर्मज्ञ कोकणात आला. त्याने या लोकांची परीक्षा घेतली, खवल्याचे व बिनखवल्याचे मासे वेगळे करताना स्त्रियांना पाहून त्याची खात्री पटली, आणि झिराड, शापूरकर व राजपूरकर या तीन घराण्यांतील पुरुषांना त्याने शिक्षण देऊन काजी नेमले, अशी आख्यायिका आहे. या काजींनी गावोगाव फिरून विवाह, सुंता व तंट्यांचे निवाडे केले. प्रार्थनामंदिराला ‘मशीद’ म्हणणारी, उपवासाला ‘रोजा’ म्हणणारी आणि धर्माधिकाऱ्याला ‘काजी’ म्हणणारी ही मराठी जमात आमच्या बिदरकडच्या माणसाला परकी वाटण्याचे कारण नाही. आमच्या दफ्तरांतून आणि बोलण्यातूनही हेच शब्द वाहत आले आहेत.

पहिली मशीद उभी राहिली ती मुंबईत, १७९६ साली, आणि तिच्यामागची कथा म्हैसूरच्या इतिहासाशी निगडित आहे. सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच शमुएल यहेज्केल, हे कंपनीच्या फौजेतील देशी अंमलदार टिपू सुलतानाच्या कैदेत पडले. कोणत्या जातीचे, असा सवाल झाला तेव्हा त्यांनी ‘बेने इस्राएल’ असे उत्तर दिले, आणि ज्यांचा निर्देश कुराणात आहे अशा लोकांना जीवदान द्यावे म्हणून सुलतानाच्या मातोश्रीने रदबदली केली, असे जमातीत सांगतात. सुटून आल्यावर त्यांनी मांडवी भागात ‘शाअर हारहामीम’ म्हणजे दयेचे द्वार, हे प्रार्थनामंदिर बांधले. हीच पुढे ‘जुनी मशीद’ म्हणून ओळखली गेली. त्यानंतर रेवदंड्यास १८४२, अलिबागेस १८४८, पनवेलीस १८४९, ठाण्यास १८७९ अशी मंदिरे होत गेली. पुण्याच्या रास्ता पेठेतील मंदिर १९२१ चे.

इमारत झाली म्हणजे कारभार आला. मशिदीचा प्रमुख तो मुकादम, त्याच्या हाताखाली चौगुले, जमाखर्च पाहणारा गबाई, प्रार्थना चालविणारा हजान आणि दिवाबत्ती व सांगावा यांची जबाबदारी वाहणारा समास, अशी व्यवस्था होती. पाटलाच्या कचेरीतील आणि पलटणीतील हुद्द्यांची सवय असलेल्या या लोकांनी आपल्या जमातीची उतरंड त्याच भाषेत मांडली, यात नवल नाही. आंग्र्यांच्या आरमारात यांच्यापैकी चुरीकर घराण्याने नायकी केली होती, आणि कंपनीच्या पलटणींतून यांचे अनेक सुभेदार निवृत्त झाले होते. वेदीजवळचा मान कोणाला, तोरा हा धर्मग्रंथ वाचण्यास कोणी उभे राहावे, सणाचा खर्च कोणी उचलावा, पुढल्या शनिवारी कोणाच्या घरी सुंता आहे, कोणाचे लग्न ठरले, या साऱ्याचा उच्चार मशिदीत सर्वांसमक्ष होई. यरुशलेमच्या दिशेने म्हणून पश्चिमेच्या भिंतीशी ठेवलेली पवित्र पेटी, मध्यभागी लाकडी चौथरा, वर स्त्रियांचा सज्जा, आणि प्रार्थना संपल्यावर वडिलधाऱ्यांपासून लहानांपर्यंत हातात हात घेऊन बोटे ओठांस लावण्याची ‘हातबोशी’, हा त्या जीवनाचा दृश्य भाग झाला. मला मोलाचा वाटतो तो अदृश्य भाग: येणाऱ्या दिवसाचे काम आधीच कोणाच्या तरी नावे लागलेले असे, आणि नाव पुकारले गेल्यावर मागे हटणे म्हणजे जमातीसमोर उणे ठरणे.

ग्रंथही परत आले, आणि ते मराठीतून आले. मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांचे मराठीतील हिब्रू व्याकरण १८३२ चे. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता, परंतु बेने इस्राएलांनी त्यांच्या शाळांतून हिब्रू तेवढी उचलली आणि आपल्या मशिदीत नेली. योसेफ यहेज्केल राजपूरकर यांनी प्रार्थनाग्रंथांची मराठी भाषांतरे केली. हाईम शमुएल केहिमकर यांनी १८७५ साली मुंबईत इस्राएली शाळा उभारण्यात पुढाकार घेतला आणि १८९७ साली जमातीचा विस्तृत इतिहास लिहून पूर्ण केला. तो छापला गेला मात्र त्यांच्या मृत्यूनंतर, १९३७ साली. पुण्यात १८७४ साली छापलेल्या मराठी हग्गादात, म्हणजे वल्हांडणाच्या पाठाच्या पुस्तकात, सणाची भाकरी करणाऱ्या स्त्रिया लुगडी नेसलेल्या दाखविल्या आहेत. १८८० च्या सुमारास कीर्तनाचीही सुरुवात झाली. योसेफ, मोशे, दाविद यांची आख्याने साकी, दिंडी, ओवी यांच्या अंगाने रंगू लागली, आणि ज्याला हिब्रू येत नाही अशा म्हाताऱ्या बाईलाही आपल्या पूर्वजांची कथा तिच्या भाषेत, तिला परिचित अशा चालीत ऐकता आली. १९१३ साली मुंबईत स्त्री मंडळ स्थापन झाले, तेव्हा स्वयंपाकघरातील त्या जुन्या दफ्तरदारीला सभागृह मिळाले असेच मी समजतो.

या जमातीचा सर्वांत स्वतःचा असा विधी मलिदा होय. नवस फेडावयाचा असो, लग्न ठरलेले असो, आजारातून माणूस उठलेला असो, एलियाहू हन्नबीचे, म्हणजे संदेष्टा एलियाहूचे, स्मरण करून ओल्या पोह्यांत गूळ किंवा साखर व ओल्या खोबऱ्याचा कीस कालवतात, भोवती फळे मांडतात, आशीर्वाद म्हणतात आणि सर्वांना वाटतात. अलिबागजवळील खंडाळा गावी खडकावरील खुणा एलियाहूच्या रथाच्या वा घोड्याच्या मानल्या जातात; यहुदी वृक्षोत्सवाच्या, म्हणजे माघाच्या पौर्णिमेच्या आसपास, तेथे मलिदा करण्यासाठी लोक जातात. जगातील इतर यहुद्यांत हा विधी नाही, आणि कोकणाबाहेर तो सुचलाही नसता.

१९४८ नंतर इस्राएलकडे ओघ सुरू झाला. तेथे १९६० नंतर धर्ममंडळाने यांच्या यहुदीपणाविषयीच शंका घेतली; लग्नास अडथळे आले; शेवटी आंदोलनानंतर १९६४ साली तेथील संसदेने बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदी होत असा ठराव केला. ज्यांनी ग्रंथावाचून शनिवार राखला त्यांनाच पुरावा मागितला गेला, याची खंत त्या जमातीने बोलून दाखविली ती रास्त होती. भारतात २००१ च्या शिरगणतीत यहुदी उरले ते सुमारे ४,६५०. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला.

सामुदायिक प्रार्थनेस दहा प्रौढ पुरुष लागतात, हा नियम कोकणातील मशिदींना आज सर्वांत जड जातो. ज्या गावी एकदोन कुटुंबे राहिली तेथे दर शनिवारी दहा जण जमत नाहीत. म्हणून मोठ्या सणांच्या तारखा आधी ठरवून मुंबई-ठाण्याहून लोक पूर्वजांच्या गावी येतात, मंदिर झाडून घेतात, दिव्यांत तेल घालतात आणि प्रार्थना करून परततात. ठाण्याच्या मंदिरात मात्र वर्षभर वर्दळ असते: शनिवारची प्रार्थना, मुलांचे वर्ग, हनुक्काचे दिवे, तोरा-समाप्तीचा आनंदोत्सव, लग्ने आणि त्यापूर्वीचे मलिदे. हनुक्का हा सण जुन्या बेने इस्राएलांना माहीत नव्हता, आणि त्यावरून आपले पूर्वज त्या सणामागच्या घटनेपूर्वीच मायदेश सोडून निघाले असले पाहिजेत, असे केहिमकर मांडत. आता तो त्यांच्या वर्षक्रमात रुजला आहे. इस्राएलमधील दिमोना, लोद, अश्दोद येथील मराठी कुटुंबेही मलिदा करतात, आणि माघाच्या पौर्णिमेपूर्वी तेथे पोह्यांची व नारळांची जमवाजमव सुरू होते.